मासळीची ॲलर्जी: रक्त काय सांगतं, काय सांगत नाही

रिपोर्टचा कागद साधाच असतो. डावीकडे पदार्थांची नावं, मधे आकडा, उजवीकडे ‘क्लास’. मासळीच्या भागात बहुतेक वेळा कॉड, ट्यूना, सामन, कोळंबी, खेकडा अशी नावं दिसतात. यातला कॉड हा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला मासा. वेंगुर्ल्याच्या किंवा ससून डॉकच्या लिलावात त्याची टोपली कधी उतरत नाही. ज्यांच्या घरी आठवड्यातले चार दिवस बांगडा, मांदेली, बोंबील शिजतात त्यांच्या हाती ‘कॉड: 2.1, क्लास 2’ असा कागद पडतो आणि घरात चर्चा सुरू होते, आता सुरमई खायची की सोडायची?

या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नसतं. तुमच्या रक्तात कॉडच्या प्रथिनाला ओळखणारं एक विशिष्ट प्रतिपिंड आहे का आणि असलं तर किती, एवढंच तो कागद सांगतो. ही माहिती मोलाची आहे, पण ‘मासा खाल्ला तर मला त्रास होईल का?’ हा प्रश्न निराळा. हे दोन प्रश्न एकच समजले गेल्यामुळे कितीतरी माणसं विनाकारण मासळीला मुकली आहेत. काही थोडी माणसं उलट चुकीतही सापडतात: रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून निर्धास्त होतात आणि पुढच्याच जेवणाला अडचणीत येतात.

या तपासणीचा इतिहास माशापासूनच सुरू होतो. साल 1921, गाव ब्रेस्लाऊ. तेव्हा ते जर्मनीत होतं, आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. तिथे कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन डॉक्टर एकत्र काम करत. क्युस्टनर स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि त्यांना शिजवलेला मासा सोसत नसे. थोडा खाल्ला तरी अंगाला खाज सुटायची, गांधी उठायच्या. प्राउसनिट्झना मासा पचायचा, पण गवताच्या परागांनी ते हैराण व्हायचे. क्युस्टनर यांच्या रक्तातच असं काही आहे का, जे माशाला ओळखतं? हे पाहायला प्राउसनिट्झनी क्युस्टनरच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच जागी माशाचा अर्क टोचला. जागा लाल झाली, तिथे गांधी उठली. ज्या माणसाला मासा आयुष्यात कधी बाधला नव्हता, त्याच्या कातडीचा रुपयाएवढा तुकडा माशाला ‘ॲलर्जिक’ झाला होता. मग उलट बाजूने, प्राउसनिट्झचं सीरम क्युस्टनरच्या कातडीत टोचून परागांचा प्रयोग केला, तो फसला. पण एक प्रयोग पुरेसा होता. ॲलर्जीचं मूळ रक्तातल्या कसल्यातरी पदार्थात आहे आणि तो पदार्थ एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतो, हे त्यातून सिद्ध झालं.

प्राउसनिट्झ पुढे हिटलरच्या जर्मनीतून इंग्लंडला गेले आणि आइल ऑफ वाइट या बेटावर साधे फॅमिली डॉक्टर म्हणून राहिले. त्यांच्या प्रयोगाने मात्र जगभर बस्तान बसवलं. लहान मुलाच्या अंगभर इसब असेल तर त्याच्या कातडीवर सुया टोचून काही कळत नसे. अशा वेळी मुलाचं सीरम आईच्या किंवा बापाच्या दंडात टोचायचं आणि चाचणी त्या दंडावर करायची, ही पद्धत काही दशकं चालली. एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं म्हणजे कावीळही जाऊ शकते, हे लक्षात आल्यावर ती मागे पडली.

तो ‘कसलातरी पदार्थ’ नेमका सापडायला आणखी पंचेचाळीस वर्षं गेली. 1966 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नीने तो वेगळा ओळखला. जवळपास त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिख यांना रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णात एक अनोळखी प्रतिपिंड भरमसाट प्रमाणात सापडलं. दोन्ही गटांच्या हाती लागलेली वस्तू एकच होती. 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत तिचं नाव ठरलं: इम्युनोग्लोब्युलिन ई, थोडक्यात आयजीई.

आयजीई शोधायला इतकी वर्षं का लागली, याचं कारण त्याच्या प्रमाणात आहे. आपल्या रक्तात रोजच्या संरक्षणाचं काम करणारं आयजीजी नावाचं प्रतिपिंड एका मिलीलिटरात दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. आयजीईचा हिशेब मात्र नॅनोग्रॅममध्ये करावा लागतो, आणि एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम. रिपोर्टमध्ये 0.35 ही सीमारेषा तुम्ही पाहिली असेल. तिचा अर्थ एका मिलीलिटर सीरममध्ये एक नॅनोग्रॅमहूनही कमी विशिष्ट आयजीई. एवढं थोडं प्रतिपिंड घात करू शकतं, कारण ते रक्तात नुसतं तरंगत राहत नाही. कातडी, घसा, आतडी, श्वासनलिका इथे बसलेल्या मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर ते जाऊन चिकटतं. रक्तात त्याचं आयुष्य दोनेक दिवसांचं, पण पेशीवर ते आठवडेच्या आठवडे टिकतं. माशाचं प्रथिन तिथे पोचून शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडलं गेलं, की पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर ओतते. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणून आपण आमसुलाचा कोळ लावतो, त्यामागे बऱ्याचदा हीच घडामोड असते.

आयजीई सापडलं तसं ते मोजण्याचं साधनही लगेच आलं. 1967 मध्येच उप्सालाच्या याच गटाने पहिली पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थाचं प्रथिन एका घन आधाराला, पुढे कागदाच्या छोट्या चकतीला, चिकटवायचं, त्यावर रुग्णाचं सीरम घालायचं, धुवायचं आणि मग आयजीईला धरणारं किरणोत्सर्गी प्रतिपिंड घालून किती किरण येतात ते मोजायचं. तिचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव ‘रास्ट’ जुन्या डॉक्टरांच्या तोंडी अजूनही आहे, जरी किरणोत्सर्गी पदार्थ या कामातून कधीच हद्दपार झाला असला तरी. आता चकतीच्या जागी सेल्युलोजचा स्पंजासारखा तुकडा आहे आणि किरणांच्या जागी विकर, म्हणजे एन्झाइम. रुग्णाच्या आयजीईवर विकराची शेपटी असलेलं दुसरं प्रतिपिंड बसतं, विकर एका द्रवाला चमकतं करतं आणि यंत्र ती चमक मोजतं. चमक जास्त, आयजीई जास्त. यासाठी दोनतीन मिलीलिटर रक्त पुरतं. उपाशी यावं लागत नाही. सिट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी चालू असली तरी आकडा बदलत नाही. सुई टोचून करायच्या कातडीच्या चाचणीआधी मात्र ती गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते. अंगभर इसब असणाऱ्याला, गोळी बंद करणं शक्य नसणाऱ्याला, किंवा आधीची प्रतिक्रिया इतकी तीव्र की सुईच्या टोकाएवढ्या अर्काचीही धास्ती वाटावी अशा माणसाला, रक्ततपासणी हाच बरा मार्ग. इतरांना कातडीची चाचणी चालते. ती स्वस्त, वीस मिनिटांत उत्तर देणारी, आणि तिचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे मी पुढे येतो.

आता आकडे. 0.35 च्या वर ‘पॉझिटिव्ह’, मग 0.7 पर्यंत क्लास 1, 3.5 पर्यंत क्लास 2, 17.5 पर्यंत क्लास 3, असं करत 100 च्या वर क्लास 6. हे क्लास पाहिले की लोकांना वाटतं, क्लास 2 म्हणजे सौम्य ॲलर्जी आणि क्लास 5 म्हणजे भयंकर. तसं नाही. आकडा वाढतो तशी ‘खरोखर ॲलर्जी असण्याची’ शक्यता वाढते. प्रतिक्रिया किती जोरात येईल, हे आकडा सांगत नाही. क्लास 2 वाल्याचा घसा आवळू शकतो, क्लास 4 वाला अंग खाजवून मोकळा होऊ शकतो.

न्यूयॉर्कचे ॲलर्जीतज्ज्ञ ह्यू सॅम्पसन यांनी 2001 साली मुलांवरच्या अभ्यासातून काही उंबरठे काढले. माशासाठी त्यांचा आकडा 20 आला. म्हणजे त्या गटात कॉडचं आयजीई 20 एककांच्या वर असलेल्या मुलांपैकी शंभरात निदान पंच्याण्णवांना मासा खाल्ल्यावर खरंच त्रास झाला. हा 20 पुढे अनेक ठिकाणी जसाच्या तसा उचलला गेला. पण तो अमेरिकेतल्या, ॲलर्जीच्या दवाखान्यात आलेल्या मुलांचा आकडा आहे. कोकणातल्या चाळीस वर्षांच्या माणसाला तो तसाच लावणं चूक. दुसरं म्हणजे 20 च्या खाली असणं याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा होत नाही. खाली फक्त अनिश्चितता वाढत जाते.

रक्तात आयजीई असणं आणि ॲलर्जी असणं यातलं अंतर केवढं मोठं असू शकतं, याचा आपल्या शेजारचाच पुरावा आहे. एका युरोपियन प्रकल्पाचा भाग म्हणून बेंगळुरू आणि म्हैसूरमधल्या प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीतल्या खाद्यपदार्थांपैकी निदान एकाला तरी आयजीई असलेली माणसं 26.5 टक्के निघाली. लक्षणं आणि तपासणी दोन्ही जुळून ‘बहुधा खरी ॲलर्जी’ म्हणावी अशी होती 1.2 टक्के. म्हणजे या सगळ्यांना फक्त रिपोर्टवरून पथ्य सांगितलं असतं, तर वीसेक माणसांतल्या एकाला फायदा आणि बाकीच्यांच्या ताटाला उगाच कात्री. घरात काडेपेटी आहे म्हणजे घराला आग लागली असं आपण म्हणत नाही. आयजीई ही काडेपेटी आहे.

मासळीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो, कारण ‘मासा’ ही एक वस्तू नाही. कॉडमधलं त्रास देणारं प्रथिन नॉर्वेत शोधलं गेलं. नॉर्वेजियन मुलं कॉड खूप खात आणि कॉडची ॲलर्जीही तिथे दिसे, म्हणून 1960 च्या दशकात केल ओस या संशोधकाने त्याचा पाठपुरावा केला. हे पार्व्हाल्ब्युमिन. माशाच्या स्नायूत कॅल्शियम धरून ठेवून आकुंचलेला स्नायू झटकन सैल करणं हे त्याचं काम. आपल्या दृष्टीने त्याचे दोन गुण महत्त्वाचे. उष्णतेने ते सहजी मोडत नाही, म्हणून तळलेला, उकडलेला, भाजलेला मासा सारखाच बाधू शकतो. आणि ते पाण्यात विरघळतं. त्यामुळे ‘तुकडी काढून ठेवा, नुसतं कालवण वाढा’ ही आपल्याकडची तोड ॲलर्जीच्या माणसाला वाचवत नाही. प्रथिन रश्शात उतरलेलं असतं. काहींना तर शिजणाऱ्या मासळीच्या वाफेनेच शिंका आणि धाप लागते. सुरमई तळलेल्या तेलात मग बटाट्याचे काप सोडले, तर तेही सोवळे राहत नाहीत.

बहुतेक माशांची पार्व्हाल्ब्युमिनं एकमेकांसारखी असतात. म्हणून कॉड कधी न खाल्लेल्या माणसाचंही कॉडचं आयजीई वर येऊ शकतं: शरीराने ते बांगड्याविरुद्ध किंवा पापलेटविरुद्ध बनवलेलं असतं, कॉडच्या प्रथिनाला ते जाता जाता चिकटतं. पण सारखी म्हणजे तंतोतंत तीच नव्हेत. काहींना एकच जात बाधते. प्रमाणही जातीगणिक बदलतं. ट्यूनासारख्या दूरवर पोहणाऱ्या माशांच्या गडद मांसात पार्व्हाल्ब्युमिन कमी, पांढऱ्या मांसात जास्त. मुशी, पाकट यांसारख्या कूर्चेच्या माशांचं पार्व्हाल्ब्युमिन वेगळ्या घडणीचं असतं. 2019 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी मासळीची ॲलर्जी असलेल्यांना पाकटाच्या जातीचा मासा दवाखान्यात, देखरेखीखाली खाऊ घातला, तर बहुतेकांना तो सोसला. हे वाचून कोणी घरी पाकटाचं सुकं करून प्रयोग करू नये. ‘बहुतेकांना’ या शब्दाच्या बाहेर उरलेले असतातच.

कॉडची चाचणी निगेटिव्ह आली तरी बोंबलाचा किंवा घोळीचा प्रश्न सुटत नाही, तो यामुळेच. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जाती तयार चाचण्यांच्या यादीत नसतात. इथे कातडीच्या चाचणीचा तो राहिलेला फायदा कामी येतो. बाटलीतल्या अर्काऐवजी घरात शिजणारा तोच मासा घेऊन जाता येतं. डॉक्टर सुई आधी त्या माशात टोचतात, मग रुग्णाच्या हातावर. ताजं पापलेट डब्यात घालून दवाखान्यात जायला थोडं ओशाळल्यासारखं होईल, पण हजारो रुपयांच्या परदेशी नावांच्या पॅनेलपेक्षा ते अनेकदा जास्त सांगून जातं.

कोळंबी, कुर्ल्या, शेवंड यांचं घराणं वेगळंच. त्यांच्यात मुख्य दोषी प्रथिन ट्रोपोमायोसिन. कोळंबीतलं ते ओळखण्यात आपल्या माणसांचा मोठा वाटा आहे: बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. व्ही. सुब्बाराव यांच्या गटाने आपल्याच किनाऱ्यावरची पांढरी कोळंबी घेऊन ते काम केलं, आणि 1993 मध्ये अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केलं. मासा आणि कोळंबी यांची प्रथिनं वेगळी असल्यामुळे एक बाधणाऱ्याला दुसरं चालू शकतं. ‘सीफूडची ॲलर्जी’ असं एकगठ्ठा लेबल लावून दोन्ही बंद करणं म्हणूनच अन्यायाचं. बाजारात विकत घेताना किंवा हॉटेलात एकाच कढईत दोन्हींचा संसर्ग होतो, तो धोका मात्र खरा.

या ट्रोपोमायोसिनची एक गंमत आहे, आणि शाकाहारी घरांनी ती मुद्दाम ऐकावी. हेच प्रथिन थोड्या फरकाने धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत, म्हणजे माइट्समध्ये, आणि झुरळांतही असतं. आपल्या दमट किनारपट्टीवर गाद्या, उशा, पडदे माइट्सनी भरलेले, आणि झुरळांचं काय सांगावं. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाचं आयजीई चाचणीत कोळंबीच्या प्रथिनालाही चिकटतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्मठ ज्यू लोकांचं रक्त तपासलं होतं. धर्माच्या नियमामुळे त्यांनी कोळंबी कधी तोंडात घातलेली नव्हती. तरी त्यांच्यातल्या माइट्सची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला धरणारं आयजीई सापडलं. तेव्हा सात पिढ्यांत मासळी न शिवलेल्या घरातल्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘कोळंबी: पॉझिटिव्ह’ आलं, तर त्याला चोरून कोळंबी खाल्ल्याबद्दल कोणी धारेवर धरू नये.

याच्या उलट, खाऊन त्रास झाला आणि रिपोर्ट मात्र कोरा, असंही पुष्कळदा होतं. बांगडा, तारली, कुपा, कधी सुरमई या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही, टोपलीत उन्हात राहिला, की जीवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. म्हणजे जे रसायन ॲलर्जीत आपल्या पेशी ओततात, तेच इथे माशातून तयार होऊन ताटात येतं. चेहरा लालबुंद होतो, तोंडात मिरी चावल्यासारखं झणझणतं, डोकं ठणकतं, पुरळ उठतं, जुलाब होतात. दिसायला हुबेहूब ॲलर्जी, पण आयजीईचा यात काही संबंध नाही आणि म्हणून रक्ततपासणीत काही निघत नाही. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून किंवा फ्रिजरमध्ये ठेवून जात नाही. वास आला नाही म्हणजे मासा ठीक, हेही खरं नाही.

या दोन्हींतला फरक चांगला डॉक्टर यंत्राविना ओळखतो. “काकी, त्या दिवशी बांगडा अजून कोणी खाल्ला होता?” “आमी सगळ्यांनी. ह्यांच्याय तोंडार लाली इली, सुनेचा डोक्या दुखाक लागला.” “आणि त्याआधी बांगडा चालायचा?” “अरे बाबा, जल्मभर खातंय मी!” एवढ्यावर निदान जवळपास झालंच. ॲलर्जी एकट्याला गाठते, हिस्टामिन पंगतीला.

क्षयावर उपचार घेणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. आयसोनियाझिड ही क्षयाची रोजची गोळी शरीरातली हिस्टामिन मोडण्याची यंत्रणा दुबळी करते. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात असे रुग्ण नोंदवले होते: गोळी चालू, ट्यूनाच्या जातीचा मासा खाल्ला, आणि अंग लाल होऊन डोकं फुटायची वेळ. असं झालं तर मासा थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

कच्चा मासा खाणाऱ्या जपानमध्ये आणि व्हिनेगरात मुरवलेल्या माशांच्या स्पेनमध्ये तिसराच एक प्रकार आढळतो: माशातल्या अनिसाकिस या कृमीची ॲलर्जी. आपण मासा खरपूस शिजवतो, त्यामुळे आपल्याला त्याची चिंता थोडी.

आता बाजाराकडे वळू, कारण खिशाला खरी चाट तिथे बसते. ‘एकूण आयजीई’ नावाची एक स्वस्त तपासणी सर्रास लिहून दिली जाते. जंत, इसब, दमा, कशानेही तो आकडा फुगतो. मासळीबद्दल तो काहीही सांगत नाही. त्याहून वाईट ती ‘200 पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट’. तीत आयजीईऐवजी आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिला आहे याची खूण. जो माणूस रोज मासे खातो त्याच्या रक्तात माशाचं आयजीजी असणारच, तसंच भाताचं, दुधाचं, डाळीचंही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच स्पष्ट सांगितलं की खाद्यपदार्थांच्या ॲलर्जीचं निदान करायला ही तपासणी वापरू नये. तरी रंगीत तक्त्यांचा तो रिपोर्ट घेऊन लोक गहू, दूध, मासे, अंडी एका दमात सोडतात. माझ्या मते हा धंदा आहे, वैद्यक नव्हे.

एक गैरसमज दवाखान्यातही घट्ट रुतलेला आहे. सीटी स्कॅनआधी ‘मासे, कोळंबी चालते का?’ असं विचारतात, कारण स्कॅनसाठी टोचतात त्या रंगद्रव्यात आयोडिन असतं आणि समुद्री मासळीतही. मासळीची ॲलर्जी प्रथिनाची असते, आयोडिनची नाही. मासे बाधतात म्हणून स्कॅन टाळायचं कारण नाही. पूर्वी रंगद्रव्यानेच त्रास झाला असेल तर ते मात्र जरूर सांगावं.

मग खात्री कशी करायची? रक्त आणि कातडी दोन्ही तपासूनही शंका उरली, तर शेवटचा शब्द ताटाचा. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, औषधं आणि ऑक्सिजन हाताशी ठेवून, तो मासा आधी कणभर, मग थोडा थोडा वाढवत खाऊ घालतात आणि काही तास थांबवून ठेवतात. याला चॅलेंज म्हणतात आणि आजही निदानाची कसोटी हीच आहे. ही कसोटी घरी करायची नसते. पूर्वी तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर बहुतेक वेळा ती करायची गरजही नसते.

तेव्हा लॅबमध्ये जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा: नेमका कोणता मासा, ताजा की सुका, कुठे घेतला आणि बर्फात होता का, खाल्ल्यापासून किती मिनिटांत त्रास सुरू झाला, अंगावर काय उठलं, ओठ किंवा घसा सुजला का, धाप लागली का, उलटी झाली का, पंगतीत अजून कोणाला झालं का, त्यानंतर तो मासा पुन्हा खाल्ला का आणि काय झालं, तेव्हा कोणत्या गोळ्या चालू होत्या. हा कागद डॉक्टरांना आधी दाखवा, आणि कोणत्या माशांची तपासणी करायची ते त्यांना ठरवू द्या. पाकीटबंद पदार्थांवर मासे आणि कवचधारी प्राणी असल्याची नोंद करणं आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे. ॲलर्जी पक्की झाली असेल तर ती ओळ वाचायची सवय लावा. वूस्टरशायर सॉसमध्ये मासा असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

आणि मासळी खाल्ल्यावर कोणाचा घसा आवळला, आवाज घोगरा झाला, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर आमसूल आणि गोळी यांच्यावर वेळ घालवू नका. माणसाला आडवं करा, धाप लागत असेल तर टेकून बसवा, आणि जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे पोचताच ‘मासे खाल्ल्यावर झालंय’ हे पहिलं वाक्य सांगा. अशा वेळी जीव वाचवणारं औषध एकच, मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रिनलिन.